बोडेन्झेचे तीन जुने नकाशे एकमेकांवर का बसत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोडेन्झे, म्हणजे कॉन्स्टन्स सरोवर. त्याच्या परिसराचे तीन जुने स्थलदर्शक नकाशे प्रश्नकर्त्याने स्कॅन करून घेतले आहेत. एक स्विस द्युफूर नकाशाचं (जनरल द्युफूरच्या देखरेखीखाली काढलेल्या स्वित्झर्लंडच्या १:१,००,००० नकाशाचं) पत्रक, दुसरं बाडेनच्या १:५०,००० ॲटलसमधलं आणि तिसरं ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या लष्करी सर्वेक्षणातलं. संगणकावर एकावर एक ठेवले की किनारा कुठे शंभर तर कुठे दोनशे मीटरने सरकतो, एकाच टेकडीच्या दोन उंच्या दिसतात, आणि पाण्यातली सीमा एकावर आहे तर दुसऱ्यावर नाही. यातला बरोबर कोणता?

तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि या सरोवराच्या बाबतीत हे उत्तर पळवाट नाही. १८१४ ते १९१८ या काळात या एका पाण्याला पाच मालक होते: बाडेन, व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरिया ही तीन जर्मन राज्यं, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड. पाचही जणांनी आपल्या हद्दीपुरती मोजणी केली. प्रत्येकाचा आरंभबिंदू निराळा, फूट निराळा आणि उंचीचं शून्यही निराळं. म्हणून कुठलंही पत्रक हातात आलं की आधी तीन गोष्टी शोधायच्या: हे कोणी मोजलं, कधी मोजलं आणि कुठपर्यंत मोजलं. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. सीमेपलीकडचा भाग नकाशावर छापलेला असला, तरी तो बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या जुन्या नकाशावरून उचललेला असतो. बाडेनच्या पत्रकावरचा स्विस किनारा आणि स्विस पत्रकावरचा बाडेनचा किनारा हे पुरावे म्हणून दुय्यम धरायचे.

आता एकेक घेऊ.

सरकणाऱ्या किनाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तुम्ही नकाशे बसवताना किनाऱ्याचेच बिंदू धरले असावेत असा माझा अंदाज आहे. निळी कड ठळक दिसते, म्हणून हात तिकडेच जातो. पण बोडेन्झेच्या पाण्याला कुणी आवर घातलेला नाही. ऱ्हाइन आल्प्समधून पाणी आणते, ते सरोवरातून पुढे निघून जातं, आणि पातळी ठरवणारं धरण मध्ये कुठेच नाही. हिवाळ्याच्या शेवटी पातळी सर्वांत खाली जाते आणि जून-जुलैत, बर्फ वितळल्यावर, सर्वांत वर येते. वर्षाला सरासरी दीड मीटरचा फरक पडतो. मेर्सबुर्गसारख्या उंच काठावर या दीड मीटरने नकाशावर काहीच हलत नाही. एर्माटिंगेनच्या उथळ भागात किंवा ऱ्हाइनच्या मुखाकडच्या सपाटीवर मात्र तेवढ्याने पाण्याची कड शेकडो मीटर आत-बाहेर होते. मोजणीदार फेब्रुवारीत आला की जुलैत, हे पत्रकावर कुठेही लिहिलेलं नसतं. त्यामुळे किनाऱ्याचा एकही बिंदू नियंत्रणबिंदू (नकाशा बसवताना जुन्या-नव्यावर ओळखून जुळवायचा बिंदू) म्हणून वापरू नका. उलट आधी चर्चच्या मनोऱ्यांवर नकाशा बसवा आणि मग किनारा कुठे येतो ते पाहा. तसं केल्यावर किनाऱ्याचा सरकाव ही चूक न राहता माहिती होते.

मनोरेच का, तर त्रिकोणीय सर्वेक्षणात खुद्द मनोरेच लक्ष्य असत. दुर्बिणीतून लांबून दिसणारी, वर्षानुवर्षं न हलणारी गोष्ट म्हणजे चर्चचा कळस. कोन्स्टान्झचं मुन्स्टर (म्हणजे मोठं चर्च), युबरलिंगेनचं मुन्स्टर, रायखेनाउ बेटावरची चर्चेस, लिंडाउ बेटावरची, अर्बोन आणि रोमान्सहॉर्नची: सरोवराभोवती असे बिंदू मुबलक आहेत. फक्त एक खबरदारी घ्या. एकोणिसाव्या शतकात काही गावांनी चर्च पाडून थोडं बाजूला नवं बांधलं, तेव्हा बांधकामाचं वर्ष तपासल्याशिवाय मनोरा धरू नका. रस्त्यांचे चौक दुय्यम समजा. नदीवरचे पूल चालतील, पण त्याच जागी पुन्हा बांधलेले असतील तरच.

आरंभबिंदूंचा मामला रंजक आहे. व्युर्टेम्बर्गची भूमापन मोजणी १८१८ ते १८४० या काळात झाली, तिचे निर्देशांक ट्युबिंगेनच्या किल्ल्यावरच्या वेधशाळेपासून मोजले जात. बाडेनचे मानहाइमच्या वेधशाळेपासून. बव्हेरियाचे म्युनिकच्या फ्राउएनकिर्खेच्या उत्तर मनोऱ्यापासून. स्वित्झर्लंडचे बर्नच्या जुन्या वेधशाळेपासून. पहिले तीन सोल्डनर पद्धतीचे, स्विस द्युफूर आणि नंतरचा सीगफ्रीड नकाशा बोन प्रक्षेपणावरचे; गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याच्या या दोन निराळ्या रीती. आरंभबिंदूच्या उत्तर-दक्षिण रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला जितके दूर जाल तितकी सोल्डनर पद्धतीतली विकृती वाढते, आणि बोडेन्झे तिन्ही जर्मन राज्यांच्या कडेला. म्हणजे प्रत्येकाच्या मोजणीची कड नेमकी या सरोवरावर येऊन थांबते. न जुळण्याचं एक कारण इथेच आहे.

रेखांशांचंही तसंच. द्युफूरवर पॅरिसचं मध्याह्नवृत्त (म्हणजे रेखांशाचं शून्य) आहे, ऑस्ट्रियाच्या तिसऱ्या सर्वेक्षणाच्या पत्रकांवर कॅनरी बेटांतल्या फेरोचं. फेरो हे ठरवूनच पॅरिसच्या पश्चिमेला बरोबर २० अंशांवर मानलेलं आहे, आणि पॅरिस ग्रीनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटं १४ सेकंद. एवढे दोन आकडे हाताशी असले की कुठल्याही जुन्या चौकटीचे रेखांश आजच्यात आणता येतात. मात्र चौकटीच्या कोपऱ्यांवरच विसंबून नकाशा बसवू नका. कागद दीडशे वर्षांत आकसतो, तोही आडवा आणि उभा सारखा नाही. क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या संगणक-प्रणालीत बसवताना पहिल्या घाताचं रूपांतरण (सरळ रेषा सरळच ठेवणारं) घ्या, पत्रकभर पसरलेले दहा-बारा मनोरे धरा आणि उरलेली तफावत बघा. तफावत कमी करण्याच्या नादात रबरासारखं ताणणारं रूपांतरण निवडलंत, तर नकाशा जुळलेला दिसेल, पण जुन्या मोजणीदाराच्या चुका आणि तुमच्या चुका एकमेकींत मिसळतील. मग त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

किती तफावत चालेल? कागदावर हाताने कोरलेल्या रेषेची अचूकता साधारण ०.२ मिलिमीटर धरतात. म्हणजे १:२५,००० वर जमिनीवरचे ५ मीटर, १:५०,००० वर १० मीटर आणि १:१,००,००० वर २० मीटर. ही गाठता येण्यासारखी सर्वांत चांगली मर्यादा, प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट धरून चाला. तेव्हा द्युफूरवर ४०-५० मीटरची तफावत दिसली तर त्यात वावगं काही नाही. दोनशे मीटर मात्र कारण विचारण्यासारखे आहेत. तुमच्या ऑस्ट्रियन पत्रकाचं प्रमाण १:२८,८०० आहे. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब साधा: कागदावरचा एक व्हिएन्ना इंच म्हणजे जमिनीवरचे ४०० क्लाफ्टर. एका क्लाफ्टरचे सहा फूट, एका फुटाचे बारा इंच, गुणाकार केला की २८,८०० येतात. टिरोल आणि फोरार्लबर्ग या ऑस्ट्रियाच्या पश्चिमेकडच्या प्रांतांची ही मोजणी १८१६ ते १८२१ मधली आहे, म्हणजे द्युफूरच्या आधीची पिढी. ती लष्कराच्या उपयोगासाठी होती. वाट, पूल, दलदल आणि चढ यांना तिच्यात जितकी किंमत, तितकी शेताच्या बांधाला नाही.

उंचीचा घोळ दोन पदरी आहे, एक एककांचा आणि दुसरा शून्याचा. एककं आधी पाहू. बाडेनचा फूट नेमका ३० सेंटिमीटर होता, स्विस फूटही तेवढाच. व्युर्टेम्बर्गचा सुमारे २८.६५, बव्हेरियाचा २९.१९, व्हिएन्नाचा ३१.६१ सेंटिमीटर. म्हणजे ‘१००० फूट’ असं छापलेली टेकडी बाडेनच्या हिशेबात ३०० मीटर, व्युर्टेम्बर्गच्या हिशेबात सुमारे २८६.५ मीटर आणि व्हिएन्नाच्या हिशेबात ३१६ मीटर. जर्मन साम्राज्यात मीटर १ जानेवारी १८७२ पासून सक्तीचा झाला, ऑस्ट्रियात १८७६ पासून, स्वित्झर्लंडमध्ये १८७७ पासून. गंमत अशी की रोजच्या बाजारात मीटर यायच्या कितीतरी आधी द्युफूरच्या नकाशावर उंच्या मीटरमध्येच छापल्या जात होत्या. तेव्हा सन पाहून एकक ठरवू नका, त्या नकाशामालेचा खुलासा वाचा.

शून्याची गोष्ट अधिक फसवी, कारण तिथे दोन्ही आकडे मीटरमध्ये असतात आणि दिसायला सारखेच. स्विस उंच्यांचं मूळ जिनिव्हाच्या बंदरातल्या पिएर दु निटों या दगडात आहे. जुन्या नकाशांसाठी त्याची उंची ३७६.८६ मीटर मानली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती नव्याने काढून ३७३.६ मीटर ठरवली. फरक ३.२६ मीटरचा. म्हणून जुन्या स्विस पत्रकांवर बोडेन्झेची पातळी ३९८ मीटरच्या आसपास दिसते आणि आज ३९५ च्या आसपास. सरोवर तीन मीटर उतरलं असा निष्कर्ष काढून त्यावर लेख लिहिणारे लोक आहेत. उतरलेलं काही नाही, खाली आला तो जिनिव्हाचा दगड, आणि तोही कागदावर.

जर्मनी आम्स्टरडॅमच्या समुद्रपातळीवरून मोजतो, ऑस्ट्रिया ट्रिएस्टच्या, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्राच्या. आजही हे तिन्ही आकडे काही डेसिमीटरने वेगळे येतात. ऱ्हाइनवर खालच्या बाजूला लाउफेनबुर्गला दोन्ही काठांकडून पूल बांधताना २७ सेंटिमीटरचा हा फरक सर्वांना माहीत होता. तरी दुरुस्तीची खूण उलटी लागली आणि २००३ मध्ये दोन टोकांत ५४ सेंटिमीटरचं अंतर निघालं. एकविसाव्या शतकातल्या अभियंत्यांचं हे झालं. तेव्हा १८५० च्या दोन पत्रकांवर एकाच टेकडीच्या दोन उंच्या दिसल्या तर मोजणीदाराला दोष देण्याआधी शून्य तपासा. दोन वेगळ्या राज्यांच्या उंच्यांची थेट वजाबाकी तर कधीच करू नका. एकाच नकाशावरचा फरक, म्हणजे टेकडीचा माथा वजा सरोवराची पातळी, तेवढा भरवशाचा असतो. तोच दुसऱ्या नकाशावरच्या फरकाशी ताडून पाहावा.

डोंगर-उतार कसे दाखवलेत यावरूनही डोळा फसतो, आणि हा भाग पुस्तकांत फारसा सांगितलेला सापडत नाही. समोच्च रेषांच्या आधीचे नकाशे हॅश्यूर वापरतात, म्हणजे उताराच्या दिशेने कोरलेल्या बारीक रेघा. जर्मन राज्यांत आणि ऑस्ट्रियात प्रकाश डोक्यावरून सरळ खाली पडतो असं मानत, म्हणून जितका उतार तीव्र तितका काळा. द्युफूरने प्रकाश वायव्येकडून तिरका घेतला. त्यामुळे त्याच्या नकाशात वायव्येकडचे उतार उजळ आणि आग्नेयेकडचे गडद दिसतात, मग तीव्रता सारखी का असेना. नकाशा त्याने देखणा होतो, पर्वत कागदातून वर आल्यासारखे वाटतात. पण उंटरझेच्या (सरोवराच्या पश्चिमेकडच्या लहान भागाच्या) दक्षिणेला झेरुकेन नावाची जी लांब टेकडी आहे, तिचा सरोवराकडचा उतार द्युफूरवर सौम्य वाटतो. त्यासमोर बाडेनच्या पत्रकावरचा पलीकडचा काठ उभा कडा वाटतो. दोन्ही काठांची तुलना करायचीच असेल तर सीगफ्रीड नकाशाची वाट धरा. तो १८७० पासून निघू लागला. सपाटीच्या भागासाठी प्रमाण १:२५,०००, समोच्च रेषा दर १० मीटरला, त्याही तपकिरी रंगात, पाणी निळं आणि बाकी काळं. आल्प्सच्या भागासाठी मात्र तो १:५०,००० आणि ३० मीटरच्या अंतराने आहे. बाडेनची १:२५,००० ची पत्रकं त्याच शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात आली, तीही समोच्च रेषांची. या दोन नकाशामालांची जोडी जमते. द्युफूर आणि बाडेन ॲटलसची जमत नाही.

आता सीमा. सरोवराच्या मुख्य भागात, म्हणजे ओबरझेत, आजसुद्धा सर्वमान्य आंतरराष्ट्रीय सीमा नाही. स्वित्झर्लंडचं म्हणणं असं की सीमा पाण्याच्या मध्यावरून जाते. ऑस्ट्रियाचं म्हणणं असं की खोल पाणी सगळ्यांचं सामाईक आहे. जर्मनीने ठाम भूमिका घेतलेली नाही. युबरलिंगेनचा फाटा पूर्ण जर्मनीचा, त्यावर वाद नाही. उंटरझेतली सीमा बाडेन आणि स्वित्झर्लंड यांच्यात १८५४ च्या कराराने ठरली, कोन्स्टान्झजवळच्या निमुळत्या भागातली १८७८ च्या कराराने. एवढं लक्षात ठेवलं की पाण्यातल्या रेघेची किंमत करता येते. ओबरझेत मध्यावरून जाणारी रेघ दिसली तर ती छापणाऱ्याची समजूत किंवा दावा आहे, करार नव्हे. रेघ किनाऱ्याला येऊन थांबली असेल तर ती विसरलेली नाही, जाणूनबुजून थांबवलेली आहे. १८५४ च्या आधीच्या पत्रकावर उंटरझेत रेघ असेल तर एकतर ती नंतरच्या आवृत्तीत घातलेली आहे किंवा हौसेने ओढलेली.

जमिनीवरही सरळ काही नाही. कोन्स्टान्झच्या पश्चिमेला टेगरमोस नावाची जमीन आहे, ती स्विस हद्दीत. पण १८३१ च्या करारापासून तिथले काही नगरपालिकेचे अधिकार जर्मन कोन्स्टान्झकडे आहेत. काही नकाशे राज्याची हद्द दाखवतात, काही गावाची, आणि दोन रेघा वेगळ्या पडल्या की नवखा माणूस चूक समजतो. लिंडाउच्या ईशान्येला आखबर्ग आहे. ते होहेनझोलर्न-सिगमारिंगेनचं होतं आणि १८५० मध्ये प्रशियाकडे गेलं. बव्हेरिया आणि व्युर्टेम्बर्ग यांच्या मध्ये, बर्लिनपासून इतक्या लांब, प्रशियाचा एक ठिपका. शाफहाउझेनजवळचं ब्युसिंगेन आजही स्वित्झर्लंडने वेढलेलं जर्मन गाव आहे. त्याच भागातला फेरेनाहोफ नावाचा दुसरा, अगदी छोटा तुकडा १९६७ मध्ये स्वित्झर्लंडकडे गेला. तो जर्मन रंगात दिसला तर नकाशा त्याआधीचा.

यावरून कालनिर्णयाकडे येतो, कारण पत्रकावर छापलेलं साल बहुधा फसवतं. ताम्रपट एकदा कोरला की त्यावर दुरुस्त्या करत तो दशकानुदशकं छापत. द्युफूरची २५ पत्रकं १८४५ ते १८६५ दरम्यान निघाली, पण सुधारित छपाई पुढे विसाव्या शतकातही होत राहिली. तुमच्या हातातलं पत्रक १८५५ चं की १८८५ चं, हे कोपऱ्यातल्या सालावरून कळणार नाही. रेल्वे पाहा, या सरोवराभोवती ती घड्याळाचं काम करते. उल्मकडून फ्रीड्रिक्सहाफेनपर्यंतचा मार्ग १८५० मध्ये पूर्ण झाला, लिंडाउला गाडी १८५३ मध्ये आली, रोमान्सहॉर्नला १८५५, कोन्स्टान्झला १८६३. कोन्स्टान्झ-रोमान्सहॉर्न हा काठाचा मार्ग १८७१ चा, लिंडाउ-ब्रेगेन्झ १८७२ चा. युबरलिंगेन ते फ्रीड्रिक्सहाफेन हा उत्तर काठाचा दुवा मात्र थेट १९०१ मध्ये जोडला गेला. कुठला मार्ग आहे आणि कुठला नाही, एवढं पाहिलं की छपाईचा काळ बराच आवळत येतो.

रेल्वेच्या आधीच्या नकाशांना राज्यं आणि नावं कामी येतात. फ्रीड्रिक्सहाफेन हे नाव १८११ चं, त्याआधी तिथे बुखहॉर्न होतं. टेटनांग १७८० पासून ऑस्ट्रियाचं, १८०५ मध्ये बव्हेरियाचं, १८१० मध्ये व्युर्टेम्बर्गचं. त्याच १८१० मध्ये स्टोकाखचा परिसर व्युर्टेम्बर्गकडून बाडेनकडे गेला. अख्खं फोरार्लबर्ग १८०५ ते १८१४ बव्हेरियाचं होतं. त्या दहा वर्षांतला नकाशा ब्रेगेन्झला बव्हेरियात दाखवत असेल तर तो चुकलेला नाही.

आणि पूर्वेकडच्या टोकाला सर्वांत मोठा बदल: ऱ्हाइन नदीच हलवली गेली. पुरांना कंटाळून ऑस्ट्रिया-हंगेरी आणि स्वित्झर्लंड यांनी १८९२ मध्ये करार केला. १९०० मध्ये फुसाखजवळ नदीला सरळ सरोवरात नेणारा कालवा उघडला, १९२३ मध्ये वरच्या बाजूला डीपोल्ड्साउचा. नदी गेली, सीमा मात्र जुन्या पात्रातच राहिली. त्यामुळे डीपोल्ड्साउ हे स्विस गाव आता नव्या ऱ्हाइनच्या पूर्वेला आहे. तुमचं ऑस्ट्रियन पत्रक आजच्या नकाशावर इथे कधीच बसणार नाही, कितीही मनोरे धरा. नव्या मुखाजवळ गाळाने जमीन पुढे सरकली आहे, तेव्हा १९०० आधीचा किनारा आणि आजचा किनारा यांतला फरक इथे खराखुरा आहे. दोनशे मीटरचा तुमचा सरकाव फुसाख-हार्डच्या बाजूला दिसत असेल तर तो मोजून ठेवा. पश्चिमेला, उंच काठावर दिसत असेल तर तुमचे नियंत्रणबिंदू पुन्हा तपासा.

पत्रकं कुठून घ्यायची तेही सांगतो, कारण घरी स्कॅन केलेल्या प्रतींपेक्षा चांगल्या प्रती उपलब्ध आहेत. स्विसटोपो या स्वित्झर्लंडच्या सरकारी नकाशा-संस्थेच्या संकेतस्थळावर द्युफूर, सीगफ्रीड आणि नंतरच्या माला सालानुसार मागे-पुढे सरकवून पाहता येतात. मार्च २०२१ पासून तिथली माहिती मोफत आहे, आणि पत्रकं आधीच निर्देशांकांवर बसवलेली मिळतात. ऑस्ट्रियाची लष्करी सर्वेक्षणं आर्केनम मॅप्सवर, बव्हेरियाची जुनी पत्रकं बायर्नॲटलसवर, बाडेन आणि व्युर्टेम्बर्गची लिओ-बीडब्ल्यू या संकेतस्थळावर. आर्केनमवर एक काळजी घ्या. तिथे शेकडो पत्रकं एकसलग शिवून दाखवली आहेत, त्यामुळे पत्रकांचे सांधे दिसत नाहीत आणि कोणता भाग कोणत्या पत्रकाचा हे कळेनासं होतं. मोजमाप करायचं असेल तर सुटं पत्रक पाहा. मी तुमच्या जागी असतो तर स्विस सीगफ्रीडचं कोन्स्टान्झजवळचं पत्रक आधी उतरवून घेतलं असतं, त्यावर बाडेनचं १:२५,००० चं बसवलं असतं, आणि द्युफूर व ऑस्ट्रियन पत्रक या जोडीवर मगच ठेवलं असतं.